मित्र, शेजारी आणि साधर्मिक बंधू : वीरचंद राघवजी गांधी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

पन्नास वर्षे ही संस्थेच्या जीवनातील मोठी मजल आहे. अशा प्रसंगी ज्यांनी भूमी दिली, ज्यांनी शिखरावर ध्वजा चढविली, ज्यांनी भोजनशाळेला धान्य पुरविले, त्या सर्वांची नावे कृतज्ञतेने घेतली जातात आणि ती घेतलीच पाहिजेत. परंतु दानाचा एक प्रकार असा आहे, की ज्याची पावती फाडता येत नाही आणि ज्याची संगमरवरी पाटी भिंतीवर बसविता येत नाही. कोणी आपले वय देतो, कोणी आपली विद्या देतो, कोणी आपले आरोग्य देतो. असे दान देणाऱ्या एका पुरुषाचे स्मरण या मंगल प्रसंगी करणे उचित होईल. ते म्हणजे श्री. वीरचंद राघवजी गांधी.

पाश्चात्य देशांत 'लॉज' नावाच्या बंधुसंस्था असतात. एकोणिसाव्या शतकात मुंबईतही त्या स्थापन झाल्या होत्या. त्यांचे सभासद एकमेकांना 'ब्रदर' म्हणून हाक मारतात, अडचणीत परस्परांना हात देतात आणि दिवंगत बंधूच्या कुटुंबाची विचारपूस करतात. हे ऐकून आपल्याला कौतुक वाटते. वास्तविक हीच कल्पना आपल्याकडे 'साधर्मिक' या एका शब्दात फार पूर्वीपासून सामावलेली आहे. ज्याचा धर्म तोच आपला, तो आपला बंधू. मांडवगडविषयी अशी आख्यायिका सांगतात, की तेथे नवा साधर्मिक राहावयास आला की प्रत्येक घरातून त्याला एक रुपया आणि एक वीट मिळे. रुपयांतून त्याचा व्यापार उभा राही आणि विटांतून घर. देणाऱ्याला भार वाटत नसे आणि घेणाऱ्याला लाज वाटत नसे. वीरचंदभाईंचे चरित्र या आख्यायिकेच्या प्रकाशात पाहावयाचे आहे. त्यांनी समाजाला किती विटा दिल्या आणि समाजाने त्यांच्या हाती काय ठेवले, हा आजचा विषय आहे.

वीरचंदभाईंचा जन्म २५ ऑगस्ट १८६४ रोजी काठेवाडातील महुवा या गावी झाला. वडील राघवजीभाई जवाहिराच्या व्यवसायात होते. घर धर्मनिष्ठ, परंतु डोळस. कोणाच्या मृत्यूनंतर मोठमोठ्याने रडण्याची आणि छाती पिटण्याची जी चाल त्या काळी होती, ती राघवजीभाईंनी आपल्या घरातून बंद केली होती. रूढी वेगळी आणि धर्म वेगळा, हा पाठ मुलाला घरातच मिळाला. प्राथमिक शिक्षण महुव्यात, पुढील भावनगरला आणि नंतर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. १८८४ मध्ये ते बी. ए. ची परीक्षा सन्मानासह उत्तीर्ण झाले. पदवी मिळविणारे जैन तरुण त्या काळी बोटांवर मोजण्याइतकेच होते. अशा तरुणाला सरकारी नोकरी मिळविणे किंवा एखाद्या पेढीत भागीदारी मिळविणे कठीण नव्हते. परंतु वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८८५ मध्ये, ते जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे मंत्री झाले आणि त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा ठरली.

मंत्रिपद म्हणजे हारतुरे नव्हेत, हे त्यांना लगेच कळले. पालिताण्याच्या दरबाराने शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवर माणशी दोन रुपये कर बसविला होता. त्या काळी दोन रुपये ही गरीब यात्रेकरूला जड जाणारी रक्कम होती. शिवाय प्रत्येकाला थांबवून, मोजून, नाव लिहून घेण्याचा मनस्ताप वेगळाच. संस्थानिकाशी वाद घालणे म्हणजे पाण्यात राहून मगरीशी वैर. तरुण वीरचंदभाई डगमगले नाहीत. त्यांनी कागदपत्रे जुळविली, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे आणि काठेवाडचे पोलिटिकल अधिकारी कर्नल वॉटसन यांच्यासमोर संघाची बाजू मांडली. अखेर १८८६ मध्ये करार झाला : माणशी कर रद्द, त्याऐवजी संघाने दरबारला वर्षाला १५,००० रुपये द्यावेत आणि ही व्यवस्था चाळीस वर्षे चालावी. व्यापारी माणसाला या कराराचे मर्म तात्काळ उमगेल. बोजा माणसावरून उठला आणि संस्थेवर आला. गरीब म्हातारीला पायथ्याशी कोणी हटकणार नाही, एवढे त्यांनी साधले. १९२६ मध्ये या कराराची मुदत संपल्यावर जो तंटा उद्भवला, त्यात संघाला सुमारे दोन वर्षे यात्राच बंद ठेवावी लागली आणि १९२८ मध्ये वार्षिक ६०,००० रुपयांवर तडजोड झाली. यावरून आधीची चाळीस वर्षे किती मोलाची होती, हे ध्यानी येते.

दुसरा प्रसंग श्री सम्मेतशिखरजीचा. चोवीस तीर्थंकरांपैकी वीस तीर्थंकरांची ही निर्वाणभूमी. तेथे १८९१ च्या सुमारास एका इंग्रज व्यावसायिकाने डुकरांची चरबी काढण्याचा कारखाना सुरू केला. खालच्या न्यायालयात निकाल संघाविरुद्ध गेला. अपील कलकत्त्यात चालावयाचे होते. जुने दस्तऐवज बंगालीत होते आणि ते वाचणारा आपल्यात कोणी नव्हता. वीरचंदभाई कलकत्त्याला गेले, सुमारे सहा महिने राहिले, बंगाली शिकले, दस्तऐवज आणि शिलालेख स्वतः वाचून त्यांच्या नकला केल्या आणि मग खटला उभा केला. निकाल फिरला, कारखाना बंद झाला. एका खटल्यासाठी एक भाषा शिकणारा माणूस ! आज शिखरजीच्या पवित्र टेकडीवर अनवाणी पावले चालतात तेव्हा त्या सहा महिन्यांचे स्मरण कितीजणांना होते ?

आता त्यांच्या मैत्रीविषयी. १८९१ मध्ये मोहनदास करमचंद गांधी नावाचे एक तरुण बॅरिस्टर विलायतेहून परतून मुंबईत वकिलीचा जम बसविण्याची खटपट करीत होते. आडनाव एकच असले तरी नाते रक्ताचे नव्हते, स्नेहाचे होते. दोघे काठेवाडी, दोघे शाकाहारी, दोघे प्रयोगशील. आहाराचे नवनवे प्रयोग त्यांनी एकत्र केले. महात्माजींनी आपल्या आत्मकथेत या सोबतीचा उल्लेख केला आहे. वीरचंदभाई त्या वेळी सॉलिसिटरच्या परीक्षेचा अभ्यास करीत होते. सर फिरोजशहा मेहता आणि बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या कायद्यावरील प्रभुत्वाच्या कथा ते मित्राला रंगवून सांगत. नव्या बॅरिस्टरला पाच-सात वर्षे रिकामे बसावे लागले तर त्यात नवल नाही, असेही ते मोकळेपणाने सांगत. मित्राला गोड वाटेल ते न सांगता खरे असेल ते सांगणे, हाही उदारपणाचाच एक भाग आहे. त्या गोष्टी ऐकून मोहनदासांचा धीर थोडा खचलाच. परंतु खोट्या आशेपेक्षा खरी भीती बरी.

याच मित्राच्या बाबतीत आणखी एक गोष्ट वीरचंदभाईंच्या डोळ्यांसमोर होती. समुद्र ओलांडला म्हणून १८८८ मध्ये मुंबईतील जातीच्या पंचांनी मोहनदासांना वाळीत टाकले होते. परतल्यावर त्यांना नाशिकला गोदावरीचे स्नान करावे लागले, तरीही जातीतील एका गटाने त्यांना स्वीकारले नाही. परदेशगमनाची किंमत काय असते, हे वीरचंदभाईंनी मित्राच्या उंबरठ्यावर पाहिले होते. पाहूनही ते गेले.

१८९३ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरी सर्वधर्म परिषद भरली. तिचे निमंत्रण पूज्य आचार्य श्री विजयानंदसूरी, म्हणजेच आत्मारामजी महाराज, यांना आले होते. साधुजीवनाच्या मर्यादेमुळे महाराजांना समुद्रप्रवास शक्य नव्हता. त्यांनी वीरचंदभाईंना निवडले, आपल्याजवळ बसवून घेऊन तत्त्वज्ञानाची तयारी करून घेतली आणि पाठविले. वय अवघे एकोणतीस. डोक्यावर काठेवाडी फेटा, अंगावर देशी पोशाख आणि मुखी जिनवाणी. ११ सप्टेंबर १८९३ रोजी परिषद सुरू झाली. सप्टेंबरच्या त्या सतरा दिवसांत जगाच्या व्यासपीठावर अहिंसा, अनेकांत आणि कर्मसिद्धांत यांची मांडणी झाली.

तेथील एक प्रसंग विशेष मननीय आहे. डॉ. पेंटेकॉस्ट नावाच्या एका ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी भाषणात दक्षिणेतील मंदिरांतील देवदासींचा विषय काढून हिंदू धर्मावर कठोर टीका केली. वीरचंदभाई जैन धर्माचे प्रतिनिधी होते. त्यांच्या धर्माला कोणी बोट लावले नव्हते. ते स्वस्थ बसले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु ते उठले. समाजात दोष आहेत हे नाकारण्याचा त्यांनी प्रयत्न केला नाही. हे दोष धर्मामुळे नाहीत, धर्म असूनही आहेत आणि असे दोष प्रत्येक देशात सापडतात, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. शेजाऱ्याच्या घरावर दगड पडत असताना आपल्या घराची काच फुटली नाही म्हणून पडदा ओढून बसू नये, हा शेजारधर्म त्यांनी सात समुद्रापलीकडे पाळला.

परिषद संपल्यावर ते लगेच परतले नाहीत. शिकागो, बोस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशा अनेक शहरांत आणि पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी व्याख्याने दिली. चरित्रकार त्यांची संख्या पाचशेहून अधिक सांगतात. कडाक्याच्या थंडीत, जेथे शाकाहार म्हणजे काय हे हॉटेलवाल्याला समजावून सांगावे लागे, तेथे त्यांनी आहाराचे नियम तसूभरही सैल केले नाहीत. ही गोष्ट सांगणारा साक्षीदारही मोठा आहे. स्वामी विवेकानंदांनी नोव्हेंबर १८९४ मध्ये जुनागडचे दिवाण हरिदास विहारीदास देसाई यांना अमेरिकेतून पत्र लिहिले. त्यात वीरचंद गांधी भयंकर थंडीतही शुद्ध शाकाहारच करतात, देशाचा आणि धर्माचा हिरिरीने कैवार घेतात, येथील लोकांना ते फार आवडतात, परंतु ज्यांनी त्यांना पाठविले तेच त्यांना जातिबहिष्कृत करू पाहत आहेत, अशा अर्थाचा मजकूर आहे. एका धर्माच्या संन्याशाने दुसऱ्या धर्माच्या श्रावकासाठी तिसऱ्या माणसाजवळ व्यक्त केलेली ही तळमळ आहे. मैत्री ती हीच.

त्यांच्या औदार्याची आणखी दोन उदाहरणे. परदेशात असताना भारतीय स्त्रियांच्या शिक्षणासाठी त्यांनी तेथील सुज्ञ स्त्री-पुरुषांना एकत्र करून एक संस्था स्थापन केली. पुढे १८९६-९७ चा भीषण दुष्काळ पडला. वीरचंदभाईंनी अमेरिकेत मदत समितीच्या कामात पुढाकार घेतला, निधी गोळा केला आणि धान्याने भरलेले जहाज भारताकडे रवाना झाले. ते धान्य खाणाऱ्यांमध्ये जैन किती आणि इतर किती, याचा हिशेब कोणी ठेवला नव्हता. आहारदानाला जात नसते. ज्याच्या स्वतःच्या गाठीला फारसे काही नव्हते, त्याने जहाजभर धान्य पाठविले. दाता होण्यासाठी आधी धनिक व्हावे लागते हा आपला समज किती उथळ आहे !

आणि आता तो भाग, जो सुवर्णमहोत्सवाच्या आनंदात सांगावयास जड जातो, पण सांगितला नाही तर हे स्मरण अपुरे राहील. १८९५ मध्ये वीरचंदभाई मुंबईस परतले. एका बाजूला सत्कार झाले, दुसऱ्या बाजूला समाजातील एका गटाने त्यांना संघाबाहेर काढण्याची मागणी लावून धरली. परदेशगमन केले, धर्म बुडविला, हा आरोप. बर्फात उपाशी राहण्याची तयारी ठेवून ज्याने अभक्ष्य टाळले, त्याला गावातील पेढीवर बसून अभक्ष्याविषयी जाब विचारण्यात आला. आत्मारामजी महाराज त्यांच्या पाठीशी उभे राहिले, म्हणून निदान प्रकरण टोकाला गेले नाही. परंतु १८९६ मध्ये महाराज कालधर्म पावले. वीरचंदभाईंनी कोणाविरुद्ध वृत्तपत्रांत रकाने भरले नाहीत. ते पुन्हा कामाला लागले, पुन्हा अमेरिका आणि इंग्लंडला गेले. लंडनमध्ये हर्बर्ट वॉरन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी त्यांच्यापासून प्रेरणा घेऊन जैन आचार स्वीकारला आणि त्यांच्या व्याख्यानांची टिपणे जपून ठेवली. परक्या देशातील शिष्याने गुरूचे शब्द जपले. तिकडेच कायद्याचा अभ्यास पुरा करून वीरचंदभाई बॅरिस्टर झाले. मात्र श्रमांनी शरीर पोखरले होते. १९०१ मध्ये ते मायदेशी परतले आणि ७ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. सदतिसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

व्यापाऱ्याच्या सवयीने या जीवनाचा ताळेबंद मांडू या. जमेच्या बाजूला : शत्रुंजयाची चाळीस वर्षे निर्वेध यात्रा, शिखरजीचे पावित्र्य, जागतिक व्यासपीठावर जैन धर्माचा परिचय, दुष्काळातील धान्य, शेकडो व्याख्याने. नावे बाजूला : अमेरिकेला पाठविताना दिलेला पाठिंबा, काही मानपत्रे आणि बहिष्काराची धमकी. कोणताही मुनीम सांगेल, की या खात्यावर समाजाकडून मोठे येणे बाकी आहे. मृत्यूनंतर त्यांची व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, महुव्यात आणि शिकागोजवळच्या जैन मंदिरात त्यांचे पुतळे उभे राहिले, २००२ मध्ये भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांच्या नावे तिकीट काढले. हे सर्व योग्यच झाले. परंतु हे व्याज आहे. मुद्दल फेडावयाचे असेल तर ते हयात माणसालाच फेडता येते, आणि ती वेळ निघून गेली.

सम्यक्त्वाची आठ अंगे आपण पाठशाळेत शिकतो. त्यांतील शेवटची चार समाजाशी निगडित आहेत. उपबृंहण म्हणजे गुणांची प्रशंसा करणे. स्थिरीकरण म्हणजे डळमळणाऱ्याला सावरणे. वात्सल्य म्हणजे साधर्मिकावर गायीने वासरावर करावे तसे प्रेम करणे. प्रभावना म्हणजे धर्माचा प्रकाश पसरविणे. यांचा क्रम अर्थपूर्ण आहे. प्रभावना शेवटी येते, वात्सल्य तिच्या आधी येते. वीरचंदभाईंकडून समाजाने प्रभावना करून घेतली, वात्सल्य द्यावयाचे मात्र राहून गेले.

यात त्या काळच्या मंडळींना दोष देऊन हात झटकणे सोपे आहे. तेही श्रद्धावान होते. आपली परंपरा जपावी, एवढाच त्यांचा हेतू असेल. पण हेतू शुद्ध असूनही माणूस दुखावला जाऊ शकतो, ही यातील शिकवण आहे. आजही निराळ्या वाटेने जाणारा कार्यकर्ता प्रत्येक गावात असतो. कोणी आयंबिल खात्याचे हिशेब रात्री जागून लिहितो, कोणी पांजरापोळीसाठी दारोदार फिरतो, कोणी कोर्टकचेरीत ट्रस्टचे कागद सांभाळतो. त्याच्या एखाद्या चुकीची चर्चा उपाश्रयाच्या पायरीवर तासभर चालते, आणि त्याच्या वीस वर्षांच्या सेवेची चर्चा श्रद्धांजली सभेत दोन मिनिटे. हे प्रमाण उलटे करावयास हवे.

समाज शिकलाच नाही, असे मात्र नाही. मुंबईत आचार्य श्री विजयवल्लभसूरीजींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले. आत्मारामजी महाराजांच्याच परंपरेतील या आचार्यांनी ओळखले, की दूर गावाहून शिक्षणासाठी येणाऱ्या साधर्मिक तरुणाला राहण्याची खोली आणि शुद्ध भोजन देणे, ही मोठी धर्मसेवा आहे. त्या विद्यालयातून शिकून गेलेल्या पिढ्यांनी पुढे समाजाचे आधारस्तंभ म्हणून काम केले. मांडवगडची वीट आणि रुपया यांचे ते नवे रूप होते.

ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांसाठी या चरित्रातून तीन गोष्टी घेता येतील. पहिली, जो कार्यकर्ता वेळ देतो त्याला दात्याइतकाच मान मिळावा. देणगीदारांच्या यादीशेजारी सेवकांची यादीही वाचली जावी. दुसरी, मतभेद झाला तर निर्णयाआधी त्या माणसाला समोर बसवून त्याचे म्हणणे ऐकावे. अनेकांतवाद व्यासपीठावर शिकविणाऱ्या समाजाने तो सभेतही पाळला पाहिजे. तिसरी, शेजारी कोणत्याही धर्माचा असो, त्याच्यावर अन्याय होत असताना वीरचंदभाईंप्रमाणे उठून उभे राहावे. या तिन्ही गोष्टींना खर्च शून्य आहे. अंदाजपत्रकात त्यांची तरतूद करावी लागत नाही.

पर्युषणात आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागणे तुलनेने सोपे असते, कारण त्या समोर उभ्या नसतात. समोरच्या गल्लीत राहणाऱ्या, ज्याच्याशी बोलणे बंद झाले आहे अशा एका साधर्मिकाचे दार ठोठावणे अवघड असते. या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने प्रत्येकाने असे एक दार ठोठावले, तर वीरचंद राघवजी गांधी यांच्या खात्यावरील बाकी थोडी तरी फिटेल.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असल्यास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र !